नव्या म्युझिक प्लेयरची प्रतीक्षा, उणीव मात्र ध्वनिमुद्रणाची

ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबवत असल्याचे मे २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा खिशातल्या म्युझिक प्लेयरचे युग संपल्याचा निर्वाळा जगभरातील प्रसारमाध्यमांनी दिला. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका उपकरणाचा तो निरोप होता आणि तो निरोप देण्यात वावगे काही नव्हते. मात्र त्याच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जपानच्या सोनी कंपनीने एक नवा वॉकमन जाहीर केला होता. त्याची अमेरिकेतील किंमत ३,६९९ डॉलर. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्यात घडवलेल्या या यंत्राचे वजन जवळपास अर्धा किलो. त्यावरून फोन करता येत नाही, छायाचित्र काढता येत नाही. ते फक्त संगीत ऐकवते. तरीही त्याच्या आगमनाकडे डोळे लावून बसलेला ग्राहक जपानपासून अमेरिकेपर्यंत होता, आणि भारतातही होता.

सोनी, दक्षिण कोरियाची ॲस्टेल अँड कर्न, चीनची फिओ अशा मोजक्या कंपन्यांनी ही उच्च श्रेणीची बाजारपेठ उभी केली. नवे यंत्र येण्याच्या कित्येक महिने आधीपासून त्यात कोणती चिप असेल, ॲम्प्लिफायर किती ताकदीचा असेल, कवच ॲल्युमिनियमचे असेल की तांब्याचे, याबद्दल तर्कवितर्क सुरू होतात. ग्राहकांची संख्या मोठी नाही. पण जे आहेत ते पदरमोड करून एकेका प्लेयरवर दुचाकीच्या किमतीएवढा पैसा खर्च करतात. प्रत्येकाच्या हातातील मोबाईल फोन लाखो गाणी वाजवत असताना हा वर्ग नेमकी कशाची वाट पाहतो, आणि ज्याची वाट पाहतो ते एखादे यंत्र त्याला देऊ शकते काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पहिल्या वॉकमनची वाट कुणीही पाहिली नव्हती, हे येथे आठवावे लागेल. १ जुलै १९७९ रोजी तो जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा ज्यात ध्वनिमुद्रणाची सोयच नाही असा टेपरेकॉर्डर कोण विकत घेईल, अशी शंका कंपनीतच व्यक्त होत होती. किंमत ३३ हजार येन होती. तयार केलेल्या ३० हजार नगांपैकी पहिल्या महिन्यात जेमतेम ३ हजार खपले. पुढे महिनाभरातच चित्र पालटले आणि ऑगस्ट संपेपर्यंत साठा संपला. त्या वॉकमनला दोन हेडफोन जोडता येत. माणसाने एकट्यानेच गाणे ऐकत बसणे हे असभ्यपणाचे वाटेल, अशी सोनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांची समजूत होती! लोकांना नेमके तेच हवे होते, हे नंतर कळले.

आयपॉडपर्यंत येताना प्रतीक्षेचे शास्त्र बदलले. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या पहिल्या आयपॉडची किंमत ३९९ डॉलर आणि साठवणक्षमता ५ जीबी होती. खिशात एक हजार गाणी, हे त्याचे आश्वासन. हे आश्वासन पाळता आले ते ध्वनीच्या संकोचनामुळे. सीडीवर एक मिनिटाच्या संगीताला सुमारे साडेदहा एमबी जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित केलेल्या एमपी३ पद्धतीत तेच मिनिट एक-सव्वा एमबीत बसते. मोठ्या आवाजाच्या सावलीत दडलेला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला, असा हा हिशेब. तो पुष्कळ अंशी बरोबर होता. परंतु जागा वाचवण्यासाठी तो फार ताणला की झांजेचा झणत्कार किरकिरा होतो, टाळ्यांचा कडकडाट पाण्याच्या फवाऱ्यासारखा ऐकू येतो आणि तंबोऱ्यातून उमटणारे वरचे स्वर विरळ होतात. एका पिढीने संगीत असेच ऐकले. २००८ च्या आर्थिक वर्षात ॲपलने जवळपास साडेपाच कोटी आयपॉड विकले, यावरून त्या पिढीची फारशी तक्रार नव्हती असेच म्हणावे लागते.

तक्रार ज्यांची होती ते अल्पसंख्य होते, आणि पुढे मोबाईल फोनने आयपॉडला गिळंकृत केले तेव्हा ते निराधार झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये १६० जीबी क्षमतेचा आयपॉड क्लासिक बंद झाला. स्वतःचा मोठा संगीतसंग्रह बाळगणाऱ्यांसाठी तो अखेरचा आधार होता. दोन वर्षांनी आयफोन ७ मधून हेडफोन जोडण्याची गोल खाच काढून टाकण्यात आली आणि इतर कंपन्यांनी एकेक करून तिचे अनुकरण केले. उच्च श्रेणीच्या प्लेयरची बाजारपेठ वाढली ती या दोन घटनांनी मोकळ्या झालेल्या जागेत.

'पोनो'चा धडा

या प्रतीक्षेचा सर्वांत बोलका इतिहास मात्र सोनीचा किंवा कोरियन कंपनीचा नाही. तो नील यंग या गायकाचा आहे. १९४५ साली कॅनडात जन्मलेले यंग हे रॉक संगीतातील ज्येष्ठ नाव. एमपी३ ने संगीताची हानी केली, ही त्यांची जुनी खंत. संगीत कोट्यवधी लोकांच्या खिशात नेणारे ॲपलचे स्टीव्ह जॉब्स स्वतः घरी मात्र तबकड्याच ऐकत असत, असे त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये एका जाहीर मुलाखतीत सांगितले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी पिवळ्या रंगाचे एक त्रिकोणी यंत्र दाखवले. त्याचे नाव 'पोनो'. हवाईयन भाषेतील या शब्दाचा अर्थ उचित, न्याय्य असा काहीसा होतो.

त्यानंतर दीड वर्ष केवळ चर्चा होत राहिली. मार्च २०१४ मध्ये ऑस्टिन येथील संगीत महोत्सवात यंग यांनी योजना खुली केली आणि किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आठ लाख डॉलरचे लक्ष्य ठेवले. ते पहिल्याच दिवशी पूर्ण झाले. मोहीम संपली तेव्हा १८,२२० लोकांनी मिळून ६२ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा केली होती. अद्याप न बनलेल्या यंत्रासाठी, त्याचा आवाज एकदाही न ऐकता! प्रचाराच्या चित्रफितीत ब्रूस स्प्रिंगस्टीन, एल्टन जॉन यांच्यासारखे दिग्गज यंग यांच्या मोटारीत बसून पोनोचा आवाज ऐकत आणि थक्क होऊन बाहेर येत. सूक्ष्मातिसूक्ष्म ध्वनीची परीक्षा मोटारीत व्हावी, यातील विसंगती त्या वेळी फारशी कुणाला खटकली नाही.

यंत्र वाईट नव्हते. आयर ॲकॉस्टिक्स या नामांकित ध्वनियंत्र कंपनीने त्याचे अंतरंग घडवले होते. ३९९ डॉलर ही किंमत पहिल्या आयपॉडइतकीच, म्हणजे या क्षेत्राच्या मानाने माफक होती. अमेरिकेतील 'स्टिरिओफाइल' या जाणकारांच्या मासिकाने त्याची प्रशंसा केली. दुसरीकडे, डेव्हिड पोग या तंत्रज्ञानविषयक पत्रकाराने काही श्रोत्यांना तेच गाणे कोणत्या यंत्रावर वाजते आहे हे न सांगता पोनो आणि आयफोनवर ऐकवले, तेव्हा बहुसंख्यांनी पोनोला कौल दिला नाही. त्या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, तरी घडी विसकटायची ती विसकटली. खरा घाव मात्र दुसरीकडून बसला. पोनोच्या दुकानातील एकेका अल्बमची किंमत साधारणतः १५ ते २५ डॉलर होती. श्रोत्याने पूर्वी तबकडी, कॅसेट आणि सीडी अशा तीन रूपांत विकत घेतलेला अल्बम चौथ्यांदा आणि चढ्या दराने घ्यावा, अशी ही अपेक्षा. जुलै २०१६ मध्ये ते दुकान बंद पडले. ते चालवणारी ओम्निफोन ही ब्रिटिश कंपनी ॲपलने घेतली आणि त्याच दिवशी बंद केली, असे यंग यांनी नंतर लिहिले. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी पोनोचा अध्याय संपल्याचे जाहीर केले आणि अपयशाचे कारण म्हणून रेकॉर्ड कंपन्यांनी लावलेल्या अवाच्या सवा किमतींकडे बोट दाखवले.

एक गोष्ट मात्र पोनोच्या पदरात घालावी लागेल. त्याच्या दुकानातून घेतलेल्या फाइलींना कोणतेही कुलूप नव्हते. दुकान गेले, कंपनी गेली, तरी ज्याने फाइली जपून ठेवल्या त्याचे संगीत आजही कोणत्याही यंत्रावर वाजते. भाड्याच्या संगीताच्या आजच्या काळात हे लहान श्रेय नव्हे.

या कथेचा उत्तरार्ध जून २०२१ मध्ये घडला. ज्या दर्जासाठी यंग यांनी जिवाचे रान केले तो दर्जा, म्हणजे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे, मूळ ध्वनीतील काहीही न गमावणारे संगीत, ॲपल म्युझिकने आपल्या वर्गणीदारांना कोणतेही जादा शुल्क न आकारता देण्यास सुरुवात केली. स्पॉटिफायने अशीच सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केली आणि प्रत्यक्षात ती सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. एवढ्या काळात तिची वाट पाहणाऱ्यांचे वैतागणे हा संगीतविश्वातील विनोदाचा विषय झाला होता. आणि सेवा आली तेव्हा स्पॉटिफायवरून गाणे ऐकणाऱ्या किती जणांच्या आयुष्यात त्यामुळे फरक पडला, असा प्रश्न विचारणारेही फारसे कुणी उरले नव्हते.

कान काय सांगतो?

सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. तत्त्वतः या मोजणीतून २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सर्व स्वर जसेच्या तसे परत उभे करता येतात. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजार हर्ट्झच्या आसपास, तीही तरुणपणी. वय वाढते तशी ती खाली उतरते. उच्च श्रेणीचा प्लेयर परवडण्याचे वय आणि १५ हजार हर्ट्झच्या वरचे ऐकू येण्याचे वय, यांची गाठ क्वचितच पडते, ही निसर्गाची थट्टा म्हणायची. मग १९२ किलोहर्ट्झच्या फाइलीत अधिकचे ऐकू येते ते काय?

यावर प्रयोग झाले आहेत. बोस्टन येथील मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण कधी मूळ रूपात, तर कधी सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवले होते. ५५४ वेळा विचारलेल्या प्रश्नाचे २७६ वेळा बरोबर उत्तर आले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी एवढेच यश मिळाले असते. या अभ्यासावर पुढे एक महत्त्वाचा आक्षेप आला. प्रयोगात वापरलेल्या उच्च दर्जाच्या डिस्कपैकी काहींवरील मूळ ध्वनिमुद्रणच त्या दर्जाचे नसावे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. लहान डब्यातला माल मोठ्या डब्यात भरला, तर तो वाढत नाही.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राईस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचे, म्हणजे १२ हजारांहून अधिक चाचण्यांचे, एकत्रित विश्लेषण केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. योगायोगापेक्षा किंचित अधिक, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने नाकारता न येणारे. ज्यांना आधी ऐकण्याचे प्रशिक्षण दिले होते त्यांच्यात ते सुमारे ६० टक्क्यांवर गेले. थोडक्यात, फरक असलाच तर तो सरावलेल्या कानाला, शांत खोलीत, दहापैकी सहा वेळा कळतो. लोकलच्या डब्यात किंवा चौकातल्या गोंगाटात तो कळण्याचा प्रश्नच येत नाही.

याउलट ध्वनिमुद्रणावर केलेल्या अखेरच्या संस्कारातील, म्हणजे मास्टरिंगमधील, फरक कुणालाही कळतो. मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आला, तेव्हा त्यातील आवाज इतका चढवलेला होता की ढोलाचा प्रत्येक ठोका फाटका ऐकू येत असे. त्याच सुमारास त्यातील गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्येही उपलब्ध झाली आणि तेथे ती कितीतरी मोकळी, श्वास घेणारी वाटली. गेमसाठी पुरवलेल्या ध्वनीवर तो शेवटचा दाब पडला नव्हता. अल्बम पुन्हा नीट तयार करून द्या, अशी मागणी हजारो चाहत्यांनी सह्यांनिशी केली. ३,६९९ डॉलरच्या वॉकमनवर ती सीडी वाजवली, तर तो फाटलेला ठोका अधिक स्पष्टपणे फाटलेला ऐकू येईल, एवढेच.

मग हे प्लेयर निव्वळ श्रीमंती मिरवण्याचे साधन आहेत काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठे, जड हेडफोन चालवायला जी विद्युतशक्ती लागते ती फोनमधून मिळत नाही आणि चांगला प्लेयर ती देतो. अँड्रॉइड फोनची मूळ यंत्रणा बरेचदा सर्व ध्वनी एकाच ठरावीक दराने नव्याने मोजून पुढे पाठवते. या प्लेयरमध्ये तो वळसा टाळलेला असतो. हजारो अल्बम कार्डावर साठवता येतात आणि ते ऐकायला इंटरनेट लागत नाही. शिवाय मध्येच फोन येत नाही, संदेश येत नाही. तासभर एकच राग ऐकायचा असेल, तर या शेवटच्या सोयीचे मोल इतर सर्व वैशिष्ट्यांपेक्षा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र तिला कधीच पहिले स्थान मिळत नाही.

जाहिरातींत पहिले स्थान असते ते चिपचे. अंकांच्या स्वरूपातील ध्वनीचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारी ही चिप जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. त्यांतील एक असलेल्या जपानच्या असाही कासेई कंपनीच्या नोबेओका येथील कारखान्याला २० ऑक्टोबर २०२० रोजी आग लागली. ती तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत होती. अनेक महागड्या प्लेयरचे हृदय समजल्या जाणाऱ्या चिपचा पुरवठा त्यामुळे तुटला. वाट पाहणाऱ्यांची वाट आणखी लांबली आणि कंपन्यांना आपली यंत्रे नव्याने आखावी लागली. फिओने आपला एक प्लेयर प्रथम त्या चिपच्या उरलेल्या साठ्यावर मर्यादित संख्येत काढला आणि नंतर ईएसएस या अमेरिकी कंपनीची चिप बसवून तोच पुन्हा बाजारात आणला. अमुक चिपशिवाय अमुक माधुर्य अशक्य, असे वर्षानुवर्षे ठामपणे सांगितले गेले होते. ती बदलल्यावरही या यंत्रांची बाजारपेठ थांबली नाही.

याच संदर्भात ॲपलच्या ९ डॉलरच्या एका जोडतारेचा उल्लेख अटळ आहे. आयफोनमधून खाच काढल्यावर जुने हेडफोन जोडता यावेत म्हणून ही बोटभर तार देण्यात आली. तिच्यातही अशीच एक चिप असते. तज्ज्ञांनी उपकरणे लावून तिचे मापन केले, तेव्हा तिची शुद्धता तिच्या किमतीला लाजवणारी निघाली. साध्या इअरफोनसाठी ती पुरेशी आहे. आणि आज बहुसंख्य ग्राहक तारेऐवजी ब्लूटूथवर ऐकतात. तेथे सोनीची एलडॅक ही सर्वांत नावाजलेली पद्धतही सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते. साध्या सीडीचा प्रवाह १,४११ किलोबिटचा असतो. १९२ किलोहर्ट्झची फाइल महागड्या प्लेयरवर लावायची आणि ती बिनतारी इअरफोनवर ऐकायची, म्हणजे हंडाभर पाणी आणून पेल्याने वाटण्यासारखे आहे.

भारतीय श्रोता कोठे उभा आहे?

सोनीने २०२३ मध्ये झेडएक्स७०७ हा वॉकमन भारतात ६९,९९० रुपयांना आणला. त्या यंत्राला येथे गिऱ्हाईक मिळाले, यात नवल नाही. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली या शहरांत हेडफोनची हौस बाळगणारा तरुण वर्ग गेल्या दशकात चांगलाच वाढला आहे. परंतु भारतात डिजिटल म्युझिक प्लेयरने खऱ्या अर्थाने घराघरांत प्रवेश केला तो वेगळ्याच रूपात. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने 'कारवां' हा जुन्या रेडिओसारखा दिसणारा प्लेयर आणला. आत पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली, किंमत सहा हजारांच्या आत. गोल खुंटी फिरवली की लता मंगेशकर, आणखी एकदा फिरवली की किशोर कुमार. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. ध्वनीच्या दर्जाची त्यात कुठलीही बढाई नव्हती. वडिलधाऱ्यांना ॲप उघडून शोधाशोध करावी लागू नये, एवढीच सोय होती आणि ती लाखो लोकांना हवी होती. कारवांची वाट पाहत आपण इतकी वर्षे थांबलो होतो, हे घेणाऱ्यांना घेतल्यावर उमगले. १९७९ च्या वॉकमनची जातकुळी हीच.

सत्तर हजारांच्या प्लेयरवर भारतीय श्रोता वाजवणार काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर टिपले, तेव्हा गायिकेसमोर मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. १९२५ नंतर विजेच्या साह्याने मुद्रण होऊ लागेपर्यंत काही हजार हर्ट्झच्या पलीकडचे स्वर टिपलेच जात नव्हते. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या या कर्ण्याच्या काळातल्या. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका त्याहून उजव्या असल्या, तरी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा आणि पृष्ठभागाची खरखर त्यांनाही चुकली नाही. हा ठेवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइलीत घातला, तर खरखर अधिक निष्ठेने जतन होईल. त्याला गरज आहे ती कमीत कमी झिजलेली प्रत शोधण्याची, ती योग्य सुईने आणि योग्य वेगाने वाजवण्याची. वेग चुकला तर गायकाची पट्टी बदलते, आणि बाजारात तशा चुकलेल्या प्रती कमी नाहीत.

टेपच्या काळातील संगीताची गोष्ट वेगळी. १९५० नंतरची चित्रपटगीते, भावगीते, शास्त्रीय गायनाच्या दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणीच्या संग्रहातील मैफली या मूळ टेपवरून काळजीपूर्वक उतरवल्या, तर त्यात सीडीच्या दर्जाला पुरून उरेल एवढा ऐवज आहे. आकाशवाणीने आपल्या संग्रहातील काही मैफली सीडीवर प्रसिद्ध केल्या, तेव्हा रसिकांना त्याची चुणूक मिळाली होती. पण व्यापारी कंपन्यांच्या हाती असलेल्या गाण्यांचे आज जे रूप इंटरनेटवरील सेवांतून ऐकायला मिळते, त्यातील किती मूळ टेपवरून आले, किती जुन्या सीडीवरून आणि किती एखाद्या तबकडीवरून, हे श्रोत्याला कळण्याचा मार्ग सहसा नसतो. एकाच गाण्याच्या तीन प्रती एकाच सेवेवर असतात. एकीत कृत्रिम घुमारा घातलेला, दुसरीत खरखर काढताना आवाजातील धार गेलेली, तिसरी बरी. तिन्हींवर दर्जाचा शिक्का तोच.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या प्रतिष्ठित ध्वनिमुद्रिकांवर मुद्रण कोठे झाले, कोणत्या वर्षी झाले, तंत्रज्ञ कोण होते आणि नव्याने अंकीकरण कुणी केले, हे छापण्याची जुनी प्रथा आहे. हेडफोनच्या बाबतीत जो ग्राहक ओहम आणि डेसिबलचा हिशेब मागतो, तो गाण्याच्या बाबतीत हा तपशील मागताना दिसत नाही. सारेगामाकडे पूर्वीच्या एचएमव्हीचा शतकभराचा संग्रह आहे. त्यातील कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, भीमसेन जोशी यांच्या ध्वनिमुद्रिका कोणत्या टेपवरून, केव्हा आणि कुणी उतरवल्या, हे प्रत्येक अल्बमसोबत नोंदवायचे ठरवले, तर कंपनीला लागेल तो एक जाणता तंत्रज्ञ आणि काही ओळींची जागा.